जुन्या वस्तूंचे घर आणि मुळशीची वाट

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. परगावचे पाहुणे आले, त्यांस शनिवारवाडा व पर्वती दाखवून झाली, की पुढचा फेरा तिकडे व्हावयाचा, असा पुण्यातील पुष्कळ घरांचा परिपाठ आहे. परंतु हा संग्रह कोणत्या काळी जमू लागला, याचा विचार तेथून बाहेर पडताना फारसा कोणी करीत नाही. तो काळ १९२० च्या सुमाराचा. आणि नेमक्या त्याच वेळी पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी पेट्यात, गावेच्या गावे पाण्याखाली जाण्याच्या बेतात होती.

मुंबईस वीज पुरविण्याकरिता टाटा कंपनीने मुळशीस धरण बांधावयास घेतले, आणि आंबेमोहोर पिकविणारी खाचरे बुडणार असे दिसताच मावळे शेतकरी उठले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. लढा १९२४ पर्यंत चालला व अखेर धरण झालेच. अशा वेळी जमिनींची मोजणी होते, मोबदल्याचे आकडे मांडले जातात. पण चुलीपुढचा पाट, घुसळखांब, देव्हाऱ्याची कोरीव कमान, यांस असल्या कागदांत रकाना नसतो.

तोच रकाना शहरात एका गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने उघडला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. जुने वाडे मोडत होते, सरदार-इनामदारांची घरे खाली येत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तू बाजारात येत होत्या. केळकर त्या वेचू लागले. पत्नी कमलाबाईंची त्यांस साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच गेला; संग्रहास त्याचे नाव आहे. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या व आज ही संख्या २०,००० च्या वर आहे. पुढे हा सारा संग्रह केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका खाजगी माणसाच्या हातून एवढे काम व्हावे, याचे आम्हांस अजूनही नवल वाटते.

या संग्रहात तलवारी आहेत, चिलखते आहेत, पण त्यांच्यासाठी तेथे जाण्याचे कारण नाही. त्या इतरत्रही दिसतात. पाहाव्या त्या दौती, समया, गंजिफा, दरवाजे आणि अडकित्ते. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरण्याचे दोन दांड्यांचे हत्यार. पण कारागिराने कोठे त्याचा पोपट केला आहे, कोठे घोडा, तर कोठे प्रेमी युगुल. वज्रीचे तसेच. टाचा घासण्याची ती खरबरीत वस्तू, न्हाणीघरातली. तिला मूठ म्हणून पक्षी बसविलेला असतो, आणि काहींच्या पोटात खडे घातलेले असतात, ते घासताना खुळखुळतात. न्हाणीघरात जिला कोणी पाहुणा पाहावयाचा नाही, तिच्यावर इतके कौशल्य खर्ची पडावे! ज्यांनी ही केली त्या कासारा-लोहारांची नावे कोठेच नाहीत.

एक उणीवही सांगितली पाहिजे. एकूण वस्तूंपैकी मांडलेल्या सुमारे २,५०० च; बाकीच्या कोठारात. जागा अपुरी आहे, आणि म्हणून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बावधन येथे प्रशस्त संग्रहालय उभारण्याची योजना पुढे आली. जागा मोठी हवी, याविषयी वाद नाही. परंतु जुनी दौत चकचकीत दालनात एकटी ठेवली, तर ती दागिन्यासारखी दिसेल, दौतीसारखी नव्हे. आजच्या इमारतीतील अंधुक जिने आणि दाटी यांत घराचा थोडा भास तरी होतो. त्याच संग्रहातील मस्तानीच्या महालाची गोष्ट पाहा. तो कोथरुडास होता, म्हणजे याच पौड-मुळशीच्या वाटेवर. त्याचे अवशेष शुक्रवार पेठेत आणून पुन्हा जोडण्यात आले. लाकूड वाचले, ही मोठीच गोष्ट. पण कोथरुडची मोकळी हवा काही बरोबर आली नाही. वस्तू हलविणाऱ्याने तिच्या शेजाराचाही विचार करावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता घरोघरची गोष्ट. वाडा पाडून सदनिका घ्यावयाच्या ठरल्या, की पहिल्या प्रथम माळा रिकामा होतो. घंगाळ, सतेले, परात मोडीत जातात, वजनावर. जी संग्रहालयास मिळतात त्यांच्याखाली ‘पितळी दिवा, एकोणिसावे शतक’ एवढीच चिठ्ठी लागते; कोणाचा, कोणत्या घरचा, तो केव्हा लावीत, हे सांगणारे माणूस तोवर उरलेले नसते. आमच्या आज्यांनी मात्र यावर उपाय करून ठेवला होता. भांड्यावर नाव घालीत. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्या मुलीचे नाव, ‘लग्नाप्रीत्यर्थ’, कित्येकदा गाव व तिथीही. टाक्याने ठोकलेली ती वेडीवाकडी अक्षरे आपण गावंढळ समजतो, आणि कल्हईवाल्यास किंवा पॉलिशवाल्यास ती घासून काढावयास सांगतो.

मुळशीहून उठलेल्या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे आज पुण्या-मुंबईस नांदत आहेत. कोणाच्या घरी त्या काळचा एखादा तांब्या असेल आणि त्यावर बुडालेल्या गावाचे नाव असेल, तर तो घासावयास देण्यापूर्वी त्यावरची अक्षरे उतरून घ्यावी, आणि घरातील सर्वांत वृद्ध बाईंस विचारून, तो कोणत्या कामास लागे तेही त्याच कागदावर लिहावे.