खाडीपलीकडचे भाट्ये

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्रास मिळते. सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी येथे रुंद खाडीचे रूप धारण करते. खाडीच्या उत्तर तीरावर शहर व राजिवड्याची कोळी-दालदी मच्छीमारांची वस्ती आहे. दक्षिण तीरावर भाट्ये हे जुने गाव आहे. १८२२ साली जिल्ह्याच्या कचेऱ्या बाणकोटहून रत्नागिरीस आल्या आणि शहर वाढू लागले. भाट्ये मात्र खाडीच्या आड राहिले. पूर्वी तरीतून खाडी ओलांडावी लागे. आता पुलामुळे हे अंतर काही मिनिटांचे झाले आहे.

पूल ओलांडताच सुरूचे बन व लांबच लांब पुळण दृष्टीस पडते. पुळणीच्या टोकाशी झरी विनायकाचे देऊळ आहे. परंतु भाट्याचे खरे वैभव म्हणजे तेथील माड. १९५५ साली येथे नारळ संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. ‘प्रताप’ ही नारळाची जात याच केंद्राची देणगी होय.

नारळाचे संशोधन हे मोठ्या धीराचे काम आहे. हापूस आंब्याचे कलम बांधता येते, म्हणून कलमाला मूळ झाडासारखीच फळे येतात. माडाला फांद्याच नसतात. त्यामुळे त्याचे असे कलम होत नाही. नारळ रुजवूनच रोप करावे लागते. रोप चांगले निघाले की नाही, हे उंच जातीच्या बाबतीत सहा-सात वर्षांनी, फळ धरल्यावरच कळते. निवड चुकली, तर बागायतदाराची तितकी वर्षे वाया जातात. म्हणून केंद्रात उत्तम माड पारखून त्यांच्याच नारळांची रोपे तयार करतात.

शहर जवळ आले, की गावच्या जमिनीला भाव येतो. वाडी विकावी की राखावी, असा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. शहरास घरे हवीत, हेही खरे. पण शहराच्या बाजारात येणारा नारळ अशाच वाड्यांतून येतो. माड तोडण्यास एक प्रहरही लागत नाही. त्याच्या जागी दुसरा फळता करण्यास सहा-सात वर्षे लागतात. पुलावरून शहर गावात येत असताना हा हिशेब दोन्ही तीरांवरील माणसांनी ध्यानी ठेवला पाहिजे.