विमानाच्या पोटातला प्रवासी

चंदनसारहून महामार्गाला लागून मुंबई विमानतळ गाठायचा आणि तिथे आपला कुत्रा सामानाच्या कप्प्यासाठी सोपवायचा, या कल्पनेनेच जीव खालीवर होतो. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये प्राणी न्यायची सोय केली, पण सुरुवातीची मर्यादा पिंजऱ्यासकट ७ किलो. त्यात लॅब्रॅडॉर कुठला बसायला!

तो असतो आपल्या पायांखाली. बाहेर उणे ५० अंश थंडी आणि मिनिटभरात शुद्ध हरपेल इतकी विरळ हवा. पण त्याच्या कप्प्यातला दाब अगदी आपल्या केबिनइतकाच! विमानाचं बहुतेक सगळं धडच आतून दाबाखाली असतं. हा दाब साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंचीवरचा. प्राणी चढला की वैमानिकाला तसं लेखी कळवलं जातं. पस्तीस हजार फुटांवर कॉकपिटमध्ये कुणाला तरी ठाऊक असतं की खाली एक कुत्रा आहे. मला हे फार थोर वाटतं.

खरा धोका जमिनीवर असतो, विमानात चढवेपर्यंतच्या ताटकळण्यात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करून तो अंग निववतो. फार तापला तर मिनिटाला तीनशे धापा टाकतो. पण मे महिन्यातल्या आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत वाफ होणार कशी? त्यातून बंद पिंजरा, त्याच्याच श्वासाने आणखी दमट होणारा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची तर यात फारच दमछाक होते, म्हणून कित्येक विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत. शक्यतो पहाटेचं, थेट जाणारं विमान घ्या. झोपेचं औषध मुळीच देऊ नका: रक्तदाब उतरतो, तोल जातो आणि अंग थंड ठेवण्याची ताकदही मंदावते.

पिंजऱ्याचं माप तर शिंप्याने घ्यावं तसं घेतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा. खांद्यांच्या दुप्पट रुंदी. त्याला नीट उभं राहता, वळता, पसरता आलं पाहिजे. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. चढवताना सांडत नाही, पुढे हळूहळू वितळते. पिंजरा मात्र काही आठवडे आधीच घरात आणा, दार उघडं ठेवा, जेवण त्यातच द्या आणि तुमची न धुतलेली जुनी चादर आत अंथरा.