घर पाहावे बांधून : चौरस फुटाच्या दरामागचा हिशेब



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. अर्थ सांगताना म्हणतो, 'स्वतः केल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही.' म्हण खरी आहे, पण अर्धीच. अंदाज आधी येऊ शकतो, त्यासाठी आपल्या पाठ्यपुस्तकातलं क्षेत्रफळ, घनफळ, शेकडेवारी आणि व्याज एवढं गणित पुरतं. फक्त ते वहीतून बाहेर काढून प्लॉटवर न्यावं लागतं.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कुठल्याही गावात गेलात तर रस्त्याकडेला एखादं तरी अर्धवट घर दिसतं. स्लॅब पडलेला, भिंतींना गिलावा नाही, वर सळया गंजत उभ्या. या कुटुंबांनी हिशेब केला नव्हता असं नाही. हिशेब केलेला असतो, पण एकाच आकड्यावर: 'काय फूट चाललंय सध्या?' हा लेख त्या एका आकड्यात काय धरलेलं नसतं त्याबद्दल आहे.

१. फूट म्हणजे नेमका कोणता फूट?

समजा, घराचं बाहेरून माप ४० फूट × २० फूट आहे. क्षेत्रफळ ८०० चौरस फूट. आता तीन मापं काढू.

• बाहेरच्या भिंती ९ इंची धरल्या तर आतून माप ३८.५ × १८.५ फूट, म्हणजे सुमारे ७१२ चौ. फूट. आतल्या भिंतींची जागा यातून अजून वजा व्हायची आहे. तुम्ही राहणार ते एवढ्यात.
• बाहेरून बाहेर माप ८०० चौ. फूट.
• स्लॅब चारही बाजूंनी दीड फूट बाहेर काढला तर ४३ × २३ फूट, म्हणजे ९८९ चौ. फूट.

ठेकेदाराने १,७०० रुपये फूट असा दर सांगितला असं धरू (हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतलाय, तुमच्या गावचा दर तुम्ही घाला). ८०० फुटांचे होतात १३ लाख ६० हजार. ९८९ फुटांचे होतात १६ लाख ८१ हजार ३००. फरक ३ लाख २१ हजार ३०० रुपयांचा! दर तोच, घर तेच. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. माप 'स्लॅबचं' की 'भिंतीचं', जिना आणि पोर्च पूर्ण धरायचा की निम्मा, हे आधी बोललंच गेलं नाही एवढंच. म्हणून दर विचारण्याआधी माप विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

दर मालासह की फक्त मजुरीचा, हेही त्याच कागदावर यायला हवं. मजुरीच्या दरात सेंट्रिंगच्या प्लेटा, पाण्याची मोटर, मिक्सर कोणाचा, हा पुढचा प्रश्न.

२. काळी आणि पांढरी

जुन्या लोकांच्या बोलण्यात 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण. वस्ती पांढरीत, पीक काळीत. यात बांधकामाचं मोठं शहाणपण होतं. आज गावठाणात जागा उरली नाही. नवे प्लॉट पडतात ते गावाबाहेर, काल-परवापर्यंत ऊस किंवा कांदा असलेल्या काळीत.

काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मार्च-एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण पाहतोच. घराच्या पायाखाली हेच घडलं तर भेग भिंतीत उमटते. गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात, म्हणजे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, शेवगाव भागात हा थर बऱ्याच ठिकाणी खोल आहे. तिथे पाया खाली कठीण मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी कांद्यासारखा फुगीर असलेला खांब विकसित केला, तो याच कारणासाठी. उलट पारनेर, संगमनेरच्या माळावर मुरूम किंवा खडक लवकर लागतो. पाया उथळ चालतो, पण खडक फोडायला ब्रेकर लावला तर त्याचं भाडं तासावर असतं.

आता घनफळाचा हिशेब करू. घराला १२ कॉलम आणि प्रत्येक खड्डा ५ × ५ फूट. खोली ५ फुटांऐवजी ८ फूट झाली तर जादा खोदाई किती?

५ × ५ × ३ × १२ = ९०० घनफूट = ९ ब्रास

(१ ब्रास म्हणजे १०० घनफूट.) शिवाय १२ कॉलमची प्रत्येकी ३ फूट, म्हणजे एकूण ३६ फूट उंची वाढली. तेवढी सळई, तेवढं काँक्रीट जमिनीखाली गेलं. ते कोणाला दिसणार नाही, वास्तुशांतीला आलेला पाहुणा त्याचं कौतुकही करणार नाही.

जोत्याचंही तसंच. ४० × २० फुटांचं जोतं २ फूट भरायचं तर ढोबळमानाने १६ ब्रास भराव लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून मागवावा लागतो त्याहून जास्त. रस्त्याची उंची पाहून जोतं आणखी एक फूट घेतलं की ८ ब्रास वाढले. म्हणून ठेका ठरवण्याआधी प्लॉटवर एक चाचणी खड्डा घ्या आणि तो इंजिनिअरला दाखवा. सगळ्यात स्वस्त सल्ला तिथेच मिळतो.

३. सिमेंट, सळई, वाळू

साध्या एकमजली आरसीसी घराला प्रत्येक चौरस फुटामागे साधारण ०.४ गोणी सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे ८०० फुटांना सुमारे ३२० गोण्या आणि तीन टनांच्या आसपास सळई. पाया खोल गेला की दोन्ही आकडे वर जातात.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कराआधीची किंमत ३०० रुपये धरली तर गोणी आधी ३८४ ला पडायची, आता ३५४ ला. ३२० गोण्यांवर फरक ९,६०० रुपये. दहावीच्या 'अर्थनियोजन' प्रकरणासाठी याहून जिवंत उदाहरण शोधायला नको.

सळई वजनावर विकतात आणि वजन तपासता येतं. जाडी मिलीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा. आलं एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीची १२ मीटर सळई १४४ ÷ १६२ × १२ = सुमारे १०.६७ किलो भरते. उतरवलेल्या सळया मोजल्या तरी वजनकाट्याच्या पावतीशी ताळा घालता येतो. थोडा फरक चालतो, पण मोठा फरक दिसला तर विचारायचं.

वाळूचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. ६०० रुपये ब्रास दराने वाळू देणारा राज्यातला पहिला सरकारी डेपो १ मे २०२३ रोजी आपल्याच श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला सुरू झाला. त्या दरात वाहतूक नव्हती. खडी असो की वाळू, 'ब्रासला काय?' एवढं न विचारता 'प्लॉटवर टाकून काय?' असं विचारायचं. २०२५ च्या धोरणाने दिशा बदलली आणि कृत्रिम वाळूच्या वापरावर भर आला. तुमचा इंजिनिअर गिलाव्याला कोणती आणि काँक्रीटला कोणती वाळू सांगतो ते आधीच ठरवा.

आणि पाणी! सिमेंटच्या पिशवीइतकंच ते महत्त्वाचं. स्लॅबला किमान ७ दिवस, आणि फ्लाय अॅश मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओल हवी. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेरकडे एप्रिल-मेमध्ये प्यायलाच टँकर लागतो, तिथे स्लॅब उन्हाळ्यात टाकला तर टँकरचा खर्च धरूनच चाला. तो वाचवायला पाणी कमी मारलं तर स्लॅब कच्चा राहतो. दिवाळीनंतर लगेच काम सुरू करणं म्हणूनच परवडतं.

४. दरात नसलेली यादी

स्लॅब पडला की घरात पेढे वाटतात. वाटावेत. पण स्लॅब पडला म्हणजे निम्म्याच्या आसपास पोहोचलो. गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम, रंग हे सगळं पुढे आहे. आणि ठेकेदाराच्या दरात बऱ्याचदा नसतात अशा गोष्टी वेगळ्याच:

• प्लॅन, आरसीसी डिझाइन आणि परवानगीची फी
• बोअर, मोटर, जमिनीखालची टाकी
• सेप्टिक टँक आणि शोषखड्डा
• वीजजोडणी आणि मीटर
• खिडक्यांचं ग्रिल, जिन्याचं रेलिंग
• कंपाउंड आणि गेट
• गच्चीचं वॉटरप्रूफिंग
• ओट्याखालच्या ट्रॉल्या, कपाटं

ही यादी दरात आहे की नाही, प्रत्येक ओळीसमोर 'हो' किंवा 'नाही' लिहून ठेकेदाराची सही घ्या. अर्धवट राहिलेली घरं बहुतेक याच यादीत अडकतात. त्या वेळी घेतलेलं महागडं कर्ज, मोडलेलं सोनं किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव ही बांधकामाचीच किंमत असते, फक्त ती बांधकामाच्या वहीत लिहिली जात नाही. म्हणून एकूण अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम बाजूला ठेवूनच घराचा आकार ठरवा. पैसे पुरत नसतील तर एक खोली आज कमी बांधा, पण पाया खोदताना हात आखडू नका. खोली नंतर वाढवता येते, पाया नाही.

५. कर्जाची किंमत

२० लाखांचं कर्ज, व्याज ८.५ टक्के धरू.

• २० वर्षांसाठी: हप्ता सुमारे १७,३५६ रुपये, एकूण परतफेड सुमारे ४१ लाख ६५ हजार.
• १५ वर्षांसाठी: हप्ता सुमारे १९,६९५ रुपये, एकूण परतफेड सुमारे ३५ लाख ४५ हजार.

महिन्याला २,३४० रुपये जादा भरले तर ६ लाखांहून अधिक वाचतात आणि पाच वर्षं आधी मोकळे होतो. २० वर्षांच्या कर्जात घर एकदा बांधतो आणि पैसे दोनदा भरतो, असं मुलांना सांगितलं की चक्रवाढ व्याज त्यांच्या लक्षात राहतं. शिवाय बांधकाम चालू असतं तेव्हा बँक टप्प्याटप्प्याने रक्कम सोडते, त्यावर व्याज सुरू होतं आणि आपण भाड्याच्या घरातही असतो. म्हणजे सहा महिने काम लांबलं तर सहा महिन्यांचं भाडं आणि व्याज दोन्ही अंगावर.

६. घरकुलाचा हिशेब

आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं घर 'घरकुल' असतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौ. मीटर, म्हणजे २६९ चौ. फूट. सपाट प्रदेशात अनुदान १ लाख २० हजार. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती होते २८,०८०. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर दिली, त्यातले १५ हजार सौर यंत्रणेसाठी. ते सोडून बेरीज १ लाख ९५ हजार ८०. भागिले २६९, म्हणजे फुटाला सुमारे ७२५ रुपये.

वरच्या उदाहरणातला १,७०० चा दर यासमोर ठेवा. उरलेले पैसे कुठून येतात? घरातल्या माणसांच्या हातांतून. आई वीट वाहते, बाप माती कालवतो, मामा गवंडी म्हणून येतो. म्हणून घरकुलाला मोफत मिळणारी ५ ब्रासपर्यंतची वाळू हा मोठा आधार आहे. आणि म्हणूनच बांधकामाच्या दिवसांत एखादं मूल शाळेत दांडी मारत असेल तर रागावण्याआधी चौकशी करावी, कदाचित ते घरी स्लॅबवर पाणी मारत असेल.

वर्गात आणि घरी

पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्या घराचं आतलं आणि बाहेरचं माप टेपने घ्यायला सांगा. आठवीला जोत्याचा भराव ब्रासमध्ये काढू द्या. नववी-दहावीला बँकेचा हप्ता आणि जीएसटी द्या. घरकुलात राहणारं मूल असेल तर त्याच्या घराचा खर्च वर्गात विचारू नका, आकडे काल्पनिक घ्या. पण गवंडीकाम करणाऱ्या एखाद्या पालकाला मात्र तासाला जरूर बोलवा. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी घेऊन ते जी समपातळी दाखवतील, ती फळ्यावर काढता येत नाही.

आणि पालकांनो, पुढच्या वेळी कोणी 'फुटाला काय दर?' असं विचारलं, तर आकडा सांगण्याआधी तीन प्रश्न उलट विचारा: माप कुठून कुठपर्यंत, माती कोणती, आणि दरात काय काय नाही? उत्तरं मिळाली की मगच दर ऐकायचा.