ज्याच्या हाती जुना फोन, त्याने जावे कोठे?

नेर हा कापसाचा मुलूख. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील या तालुक्याच्या गावाला परिसरातील लोक नेर परसोपंत म्हणूनही ओळखतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील शिवारात वेचणी सुरू होते आणि घरात आलेला कापूस केव्हा, कोणाला व काय भावाने विकावा या विवंचनेत कास्तकाराचे दिवस जातात. ही विवंचना जुनीच. अलीकडे तिच्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. घरातला फोन या कामाला चालेल काय?

२०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करणे आवश्यक ठरविण्यात आले. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये, तर लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये होता. नोंदणीसाठी जमिनीचा उतारा आणि कापसाच्या पेऱ्याची नोंद लागते. महाराष्ट्रात ही पेऱ्याची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ या दुसऱ्या ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतः करावी, अशी व्यवस्था झाली आहे. म्हणजे हमीभावाच्या काट्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी दोन ॲपची दारे ओलांडावी लागतात. आणि बटनांच्या साध्या फोनला यातील एकही दार उघडत नाही.

ज्याच्याजवळ स्मार्टफोन आहे त्याची तरी सुटका होते, असे मात्र नाही. ॲप तयार करणारे ते अमुक आवृत्तीच्या खालील फोनवर चालणार नाही, अशी मर्यादा आधीच ठरवितात. फोन बनविणारी कंपनी स्वस्त फोनला काही वर्षांनी नवी आवृत्ती देणे बंद करते. फोन धडधाकट असतो, बोलणे होते, छायाचित्रे निघतात; तरी ॲप त्याला नाकारते. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या जिओफोनवर इंटरनेट चालत असे. परंतु त्याची अंतर्गत प्रणाली निराळी असल्यामुळे अँड्रॉइडसाठी बनविलेली ॲप त्यावर चालू शकत नव्हती. ग्राहकाच्या लेखी मात्र दोन्ही ‘इंटरनेटचे फोन’च होते. नकाराची सूचना पडद्यावर उमटते ती एका ओळीत. कारण विचारावे तर समोर माणूस नसतो, आणि अर्ज करावा तर खिडकी नसते.

अशा वेळी कुटुंबातला शिकता मुलगा हाच आधार ठरतो. त्याचा फोन नवा असतो. पण तो असतो अमरावतीच्या वसतिगृहात. आधारशी जोडलेला क्रमांक बापाजवळ, म्हणून सांकेतिक अंक बापाच्या फोनवर येणार आणि ते घाईघाईने मुलाला कळवायचे. एवढ्यावर हमीभावाची नोंदणी एखादवेळी पार पडेलही. पीक पाहणीचे छायाचित्र मात्र शेतातच उभे राहून काढावे लागते, आणि अमरावतीतला फोन नेरच्या शेताचे छायाचित्र काढू शकत नाही. मग शेजाऱ्याची मनधरणी करावी किंवा सुविधा केंद्रात पैसे मोजावेत, एवढेच उरते.

हे दुःख एकट्या कास्तकाराचे नाही. राज्यातील अंगणवाडी सेविकांना शासनाने २०१९ मध्ये पोषण अभियानासाठी फोन दिले. त्यांची रॅम दोन जीबी होती. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले आणि त्याचा भार या फोनना पेलवेना. फोन तापत, मध्येच बंद पडत. त्यातच ॲपची भाषा इंग्रजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फेब्रुवारी २०२३ मधील त्यांच्या संपातही नव्या फोनची मागणी होतीच. एका खात्याने आपणच दिलेला फोन दोन वर्षांत त्याच खात्याच्या कामाला अपुरा ठरावा आणि कामचुकारपणाचा ठपका मात्र सेविकेवर येण्याची भीती असावी, यात व्यवस्थेचा दोष उघड दिसतो. शाळेतील शिक्षक आणि कार्यालयातील लिपिक यांनाही कामाची ॲप स्वतःच्याच फोनवर घ्यावी लागतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकाराला खर्चाचे स्थलांतर म्हणता येईल. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करण्याचे काम पूर्वी तलाठी करीत असे आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होई. आता ते काम शेतकरी करतो. फोन त्याचा, इंटरनेटचे पैसे त्याचे, बुडालेली मजुरीही त्याचीच. शासनाच्या हिशेबात ही बचत दिसते. शेतकऱ्याच्या खर्चाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. हमीभाव आणि खासगी व्यापाऱ्याचा भाव यांत क्विंटलमागे पाचशे रुपयांचा फरक आहे असे क्षणभर धरले, तर बारा क्विंटल कापूस असलेल्या कास्तकाराचे केवळ नोंदणी न झाल्यामुळे सहा हजार रुपये बुडतात. अगदी स्वस्तातल्या स्मार्टफोनची किंमतही याच घरात असते. म्हणजे ज्याला फोन घेणे परवडत नाही, त्यालाच फोन नसल्याचा दंड फोनच्या किमतीएवढा भरावा लागतो.

या ॲपची बाजूही ऐकली पाहिजे. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे असल्यामुळे पीक पाहणी पुष्कळदा कचेरीत बसूनच उरकली जाई, ही तक्रार जुनी आहे. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याने आपला माल हमीभावात घालणे हा प्रकारही विदर्भाला अपरिचित नाही. शेतातील छायाचित्राने आणि आधारच्या पडताळणीने या दोन्ही गोष्टींना आळा बसू शकतो. जुने फोन वगळण्यामागेही सुरक्षिततेचे कारण असू शकते. तेव्हा ॲप नकोच, असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. प्रश्न आहे तो ॲप हाच एकमेव मार्ग असावा काय, एवढाच.

या बाबतीत आपल्याच देशाचा अनुभव मार्गदर्शक आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. साऱ्या देशाच्या तोंडी हिशेबाची पद्धत बदलणारा तो निर्णय होता. पण म्हणून म्हातारीच्या कनवटीची आणेली त्या सकाळी खोटी ठरली नाही. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालू ठेवण्यात आली आणि आण्यांचे पैसे करून दाखविणारे तक्ते लोकांपुढे ठेवण्यात आले. बदल शासनाने केला होता, म्हणून लोकांना तो अंगवळणी पडेपर्यंतची तोशीसही शासनाने सोसली.

आज मागणे याहून मोठे नाही. कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ते कोणत्या फोनवर चालेल आणि कोणत्या फोनवर चालणार नाही, हे हंगामाच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे. ॲपची परीक्षा खेड्यात सर्रास दिसणाऱ्या चार-पाच वर्षांच्या जुन्या फोनवर झाली पाहिजे. कर्मचाऱ्याने ॲप वापरावे अशी अपेक्षा असेल, तर त्याला पेलेल असा फोन देणे हे मालकाचे कर्तव्य मानले पाहिजे. आणि ज्याच्याजवळ असा फोन नाही त्याच्यासाठी तलाठी कार्यालयात व बाजार समितीत एक खिडकी उघडी हवी. तेथील नोंदीला ॲपवरील नोंदीइतकीच किंमत असावी, आणि तिच्यासाठी पैसे पडू नयेत.

१९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. तिच्यात दोष पुष्कळ होते. चुकाऱ्याला विलंब होई, गाड्यांच्या रांगा लागत. पण रांगेत उभ्या असलेल्या कास्तकाराला निदान आपण रांगेत आहोत हे दिसत असे, आणि पुढे जाऊन भांडता येत असे. आज ज्याचा फोन नाकारला जातो तो रांगेतच नसतो, त्यामुळे त्याची मोजदादही होत नाही. नोंदणी किती झाली याचे आकडे शासन हंगामागून हंगाम देत असते. नोंदणी करू न शकलेले किती, हाही आकडा नेरसारख्या तालुक्यातून एकदा गोळा केला पाहिजे. तो हाती आल्यावाचून या योजनांच्या यशापयशाचा हिशेब पुरा होणार नाही.