नरकाची शर्यत

1911 च्या सुरुवातीला इटलीत नरकात आधी कोण पोहोचतो याची शर्यत लागली होती. ‘मिलानो फिल्म्स’ ही मिलानची कंपनी इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’ (नरक) या काव्यावर मूकपट काढत होती आणि त्यात तिची दोन-तीन वर्षे गेली होती. रोमजवळच्या वेल्लेत्री गावातल्या ‘हेलिओस’ या छोट्या कंपनीने हे हेरले. जेमतेम पाव तासाचा आपला नरक घाईघाईने उभा करून तिने तो आधीच बाजारात आणला. विषय दान्तेचा, त्यामुळे मालकी कोण सांगणार?

मिलानचा ‘लिन्फेर्नो’ मार्च 1911 मध्ये नेपल्सच्या मेर्कादान्ते नाट्यगृहात झळकला. तेव्हा चित्रपट म्हणजे एका रिळाचा, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. हा चालला तासाहून अधिक, पाच रिळे. इटलीतला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतात. एवढी लांबी लोकांनी सोसली, कारण गोष्ट त्यांच्या रक्तातली होती. चौदाव्या शतकातले हे काव्य इटलीत शाळेपासून भेटते. कवी दान्ते रानात वाट चुकतो आणि रोमन कवी व्हर्जिलचा हात धरून नरकाची नऊ वर्तुळे उतरत जातो. वाटेत पापी भेटतात, आपापली कर्मकथा सांगतात. म्हणजे एकेक प्रसंग सुटा. ज्या सिनेमाला अजून सलग कथा सांगता येत नव्हती, त्याला याहून सोयीचे कथानक सापडले नसते.

फ्रान्चेस्को बेर्तोलिनी, आदोल्फो पादोव्हान आणि ज्युझेप्पे दे लिग्वोरो या तिघा दिग्दर्शकांनी नरकाचे नकाशे स्वतः आखले नाहीत. फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव दोरेने 1861 मध्ये ‘इन्फर्नो’साठी केलेली चित्रे त्यांनी समोर ठेवली. त्या पुस्तकाचा खर्च प्रकाशकाला झेपेना, तेव्हा दोरेने पदरचे पैसे घातले होते. पुढे तीच चित्रे इतकी पसरली की नरक म्हटले की युरोपभर दोरेचाच नरक डोळ्यांपुढे येई. चित्रपटात कॅमेरा जागचा हलत नाही, पात्रे चौकटीत येतात, हातवारे करतात, निघून जातात. आज हे ताठर वाटते, आणि दान्ते झालेले साल्व्हातोरे पापा घाबरतात तेही जरा जास्तच. पण त्या वेळच्या प्रेक्षकासमोर पुस्तकातले ओळखीचे पान चालू लागले होते, त्याला आणखी काय हवे होते?

खरी मजा करामतींत आहे. पाओलो आणि फ्रान्चेस्का हे प्रेमी जीव वादळात तरंगत येतात. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून माणसांशेजारी राक्षस उभे केले आहेत. बेर्त्रां द बोर्न हा पापी स्वतःचे तुटलेले मुंडके हातात कंदिलासारखे धरून येतो. काळ्या पार्श्वभूमीत खरे डोके दडवायची ही जुनी जादूगारी, तरी अजूनही अंगावर काटा येतो. तळाशी बर्फात रुतलेला सैतान ल्युसिफर पाप्यांना चघळत असतो. माझ्या मते चित्रपट सर्वांत जिवंत आहे तो इथे, विद्वत्ता बाजूला ठेवून जत्रेतल्या खेळाच्या मूळ स्वभावाला जागतो तेव्हा.

मात्र मालकांना जत्रेपासूनच सुटका हवी होती. सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग हा शिक्का पुसायला दान्तेसारखा जामीन दुसरा कोण? विषय इतका मोठा की नेपल्सला लेखक-विचारवंतही आले, मातिल्दे सेराओ या नामवंत लेखिकेने कौतुक केले. अंगावर वस्त्र नसलेले पापी पडद्यावर दिसले तरी दान्तेच्या नावाखाली ते चालून गेले. अमेरिकेत तर नेहमीपेक्षा जास्त दराची तिकिटे लोकांनी घेतली.

अगदी शेवटचे दृश्य मात्र काव्यातले नाही. दान्ते आणि व्हर्जिल वर येऊन तारे पाहतात, आणि मग पडद्यावर येतो त्रेंतो शहरातला दान्तेचा पुतळा. 1896 मध्ये उभारलेला. त्रेंतोत भाषा इटालियन, पण राज्य ऑस्ट्रियाचे. ते इटलीला मिळावे ही मागणी तेव्हा तापलेली होती, आणि दान्ते तिचा झेंडा झाला होता. नरकाच्या सफरीसाठी पैसे मोजलेल्या प्रेक्षकाला मालकांनी जाता जाता हे राजकारणही दाखवले. त्रेंतो इटलीत आले ते पहिल्या महायुद्धानंतर.