आधी कान, मग तोंड

वडनेर हे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. तिथल्या एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांना आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवायचे मी हौसेने कबूल केले. प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली होती. सहा वर्षांच्या मुलांसमोर मात्र पहिल्यांदाच उभी राहत होते.

मी विचारले, ‘‘व्हॉट इज युवर नेम?’’

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘व्हॉट इज युवर नेम?’’

मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवाज आणखी चढला. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने उत्साहाने विचारले, ‘‘अजून म्हणू का जी?’’

खिडकीजवळची एक मुलगी तेवढी गप्प होती. मनातल्या मनात मी तिच्यावर ‘कच्ची’ असा शेरा मारूनही टाकला.

मुलांचे काही चुकले नव्हते. मोठ्या माणसाने म्हटले की त्यामागून म्हणायचे, हे पाढे आणि कविता म्हणताना ती शिकलीच होती. पण आवाजाची नक्कल करणे आणि अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधल्या सुट्टीनंतर मी पद्धत बदलली. ‘स्टँड अप’ म्हणत स्वतः उभी राहिले, ‘सिट डाउन’ म्हणत बसले, ‘टच द डोअर’ म्हणत दाराला हात लावला. मुलांनी बोलायचे नाही, फक्त करायचे. थोड्या वेळाने मी जागेवर उभी राहून नुसत्याच सूचना देऊ लागले, त्याही क्रम बदलून. मोठ्याने ओरडणारी काही मुले आता शेजाऱ्याकडे पाहू लागली. खिडकीजवळची मुलगी मात्र कोणाकडेही न पाहता सरळ दाराशी गेली.

तिला कळत होते. ती फक्त बोलत नव्हती.

घरातले तान्हे मूल आठवा. पहिला शब्द ते साधारण वर्षाच्या सुमारास बोलते, पण त्याआधी काही महिने त्याला अनेक शब्द समजू लागलेले असतात. समज पुढे, बोलणे मागे. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात परभाषा शिकवण्यासाठी हाच क्रम वापरला : आधी सूचना ऐकून कृती, बोलणे सवडीने. कृतीतून शिक्षण ही कल्पना वर्ध्याला तर नवी नाहीच. १९३७ साली इथेच भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली.

गप्प बसलेल्या मुलाचा कानही कामात असतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखता येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो येईना. भोवतालच्या भाषेत जो फरक अर्थ बदलत नाही, तिकडे कान दुर्लक्ष करू लागतो. आपली मुले ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत गोंधळत नाहीत, कारण त्यांचा कान मराठीने घडवला आहे. त्याच कानाला इंग्रजीचे वेगळे फरक ऐकायला वेळ लागणारच.

हे वर्गात करून पाहा. कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरून ‘प’ म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. ओठ पूर्ण मिटून ‘फ’ म्हणा. ती चांगलीच फडफडेल. आता इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाने ‘पेन’ म्हटले, तरी पट्टी फडफडेल! त्याचा ‘प’ आपल्या प आणि फ यांच्या अधेमधे कुठेतरी पडतो. आपला ‘पेन’ त्याला कधीकधी ‘बेन’सारखा ऐकू येतो. यात मठ्ठपणा कोणाचाच नाही. प्रत्येकाचा कान आपापल्या घरी घडलेला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. घरी इंग्रजी न ऐकलेल्या मुलाचा त्या भाषेतला पहिला दिवस आपल्याच वर्गात उजाडतो. त्या दिवशी त्याला ऐकू द्यावे, हातपाय हलवू द्यावेत, अडेल तिथे मराठीत सांगावे. आणि शेरा मारण्याची घाई करू नये.

त्या मुलीने मला पहिला इंग्रजी शब्द ऐकवला तो चौथ्या आठवड्यात. मी दाराशी उभी होते. ती म्हणाली, ‘‘सिट डाउन.’’

मी निमूटपणे खाली बसले.