विमानाचे तास व प्रवासाचे तास

नाशिक जिल्ह्यांतील बागाईतदारांस केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था पाहण्यासाठीं किंवा व्यापाराच्या निमित्तानें नागपुरास जाण्याचा प्रसंग येतो. केंद्र सरकारनें २०१६ सालीं ‘उडान’ योजना जाहीर केली व २७ एप्रिल २०१७ रोजीं शिमला ते दिल्ली असें तींतील पहिलें विमान सुटलें. तेव्हांपासून लहान शहरांमधील विमानप्रवासाचा विचार शेतकरीही करूं लागला आहे. “विमानानें नागपूर दीड तासावर आलें,” असें बोलणें कानीं पडतें. हें बोलणें खोटें नाहीं. परंतु त्यावर विसंबून पाण्याची पाळी किंवा छाटणीचे मजूर ठरविणें धोक्याचें आहे.

प्रथम अंतर पाहूं. ओझरच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेनें सुमारें ५४५ किलोमीटर भरतात. नाशिकरोड ते नागपूर हेंच अंतर लोहमार्गानें सुमारें ६५० किलोमीटर आहे. याचें नवल वाटावयास नको. गांवच्या नकाशावर दोन हद्दीच्या दगडांमधील रेघ आणि बांधाबांधानें जाणारी पाऊलवाट यांत जो फरक, तोच येथें आहे. विमानही अगदीं रेघेवरून जात नाहीं. त्यास ठरलेल्या हवाईमार्गानें जावें लागतें व उतरतांना धांवपट्टीच्या रोखानें वळावें लागतें.

आतां वेळ. लहान तळांमध्यें पुष्कळदां चालणारें पंख्यांचें ए.टी.आर. विमान तासास सुमारें ५०० किलोमीटर जातें. त्या हिशेबानें तासाहून थोडा अधिक वेळ पुरावा. परंतु वेळापत्रकांतील काळ हा विमान आपल्या जागेवरून हललें तेथपासून दुसऱ्या तळावर जागेवर उभें राहीपर्यंतचा असतो. धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें व खालीं उतरणें धरून दीड तासाच्या आसपास होतो. वाऱ्याच्या दिशेप्रमाणें जातांना व येतांना कांहीं मिनिटांचा फरकही पडतो.

मात्र शेतकऱ्याचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. निफाडकडील गृहस्थाचा हिशेब मांडूं. घरापासून ओझरचा तळ पाऊण तास. विमान सुटण्यापूर्वीं दोन तास हजेरी. उड्डाण दीड तास. उतरून सामान हातीं येईपर्यंत अर्धा तास. तेथून शहरांत अर्धा तास. एकूण बेरीज सव्वापांच तास.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. त्या मार्गानें स्वतःच्या मोटारीस सात-आठ तास पुरतात. आगगाडींत दहा-अकरा तास जातात; पण रात्रीच्या गाडीनें ते झोपेंत जातात, कामाचा दिवस मोडत नाहीं. म्हणजे विमान मोटारीहून दोन-अडीच तासच वांचवितें, आणि तें भर दुपारचें असेल तर दिवसही खातें.

यावरून विमान वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास त्याच दिवशीं पोंचणें अवश्य आहे, किंवा ज्याच्यानें रात्रीचें जागरण सोसवत नाहीं, त्यास तें सोयीचेंच आहे. परंतु तिकीट काढण्यापूर्वीं त्या दिवशीं विमान आहे कीं नाहीं व कोणत्या वेळीं आहे, हें पाहून घ्यावें. नंतर जादा पडणारे पैसे खरोखर वांचणाऱ्या तासांवर वांटावेत. ऑक्टोबर छाटणींत एका तासाची किंमत किती, हें ज्याचें त्यास ठाऊक असतें. भागाकार जमला, तर खुशाल उडावें.